लहान इंजिन की मोठे इंजिन?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सतराचा पाढा विचारा, तो अडखळेल. पण कोणत्या गाडीचे इंजिन किती सीसीचे आणि तिची ताकद किती हॉर्सपॉवरची, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. मोबाइलवर अमेरिकेतील आणि आखाती देशांतील ड्रॅग रेसचे व्हिडिओ पाहून ही माहिती त्याला तोंडपाठ झालेली असते. मग एक दिवस तो विचारतो, “अशा शर्यतीसाठी मोठे इंजिन चांगले की लहान?” बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते : “आधी अभ्यास कर!”

आम्हाला वाटते, या प्रश्नाला सरळ आणि खरे उत्तर दिले पाहिजे. एक तर हा प्रश्न गणिताचा आणि विज्ञानाचाच आहे. दुसरे म्हणजे घरात उत्तर मिळाले नाही, तर मुलगा ते नाक्यावरच्या एखाद्या मोठ्या मुलाकडून घेतो, आणि तिथे मिळणारे उत्तर अर्धवट असते. म्हणून या लेखात आपण हा प्रश्न जिथला आहे तिथेच, म्हणजे अमेरिकेच्या शर्यतपट्ट्यांवर नेऊन तपासू या. तिथून आखातात जाऊ आणि शेवटी आपल्या गल्लीत येऊ.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

दोन गाड्या, सरळ सपाट पट्टा आणि पाव मैलाचे अंतर, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. वळण नाही, फेऱ्या नाहीत. उभ्या जागेवरून निघायचे आणि समोरची रेषा आधी ओलांडायची. सुरुवातीला दोन्ही गाड्यांच्या मध्ये दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी जो निघाला तो बाद. हा दिव्यांचा खांब १९६३ पासून वापरात आला. त्याआधी एक माणूस झेंडा हलवत असे.

या खेळाचा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथे मुरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली सरोवरे आहेत. त्यांच्या सपाट तळावर तरुण मुले जुन्या गाड्या दुरुस्त करून पळवत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड शहरांच्या रस्त्यांवर आले. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागू लागल्या, अपघात होऊ लागले, वर्तमानपत्रांतून टीका होऊ लागली. तेव्हा ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. मुलांना रस्त्यावरून उचलून बंद पट्ट्यावर आणायचे आणि खेळाला नियम द्यायचे, हा तिचा हेतू होता. १९५४ मध्ये या संस्थेचे एक छोटे पथक मोटारीला मालगाडा जोडून गावोगाव फिरले आणि सुरक्षित शर्यत कशी भरवायची हे तिथल्या लोकांना दाखवत गेले. त्या पथकाचे प्रमुख बड कून्स हे पोलीस दलात काम केलेले गृहस्थ होते. म्हणजे या खेळाची पायाभरणीच ‘रस्त्यावर नको’ या विचारावर झाली आहे. हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते.

इंजिनचा आकार कशावरून ठरतो?

इंजिनमध्ये सिलिंडर असतात आणि त्यांत पिस्टन वर-खाली होतात. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जितकी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरची मिळून इंजिनची क्षमता. आपण ती सीसीमध्ये म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये मोजतो, अमेरिकेत घनइंचात मोजत. एक घनइंच म्हणजे सुमारे १६.४ सीसी. आपल्याकडची ११० सीसीची मोटरसायकल त्यांच्या हिशेबाने सात घनइंचांचीसुद्धा भरत नाही.

अमेरिकेत ‘स्मॉल ब्लॉक’ आणि ‘बिग ब्लॉक’ असे दोन शब्द रूढ आहेत. शेवरोले कंपनीने १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे २६५ घनइंचांचे, म्हणजे ४.३ लिटरचे आटोपशीर इंजिन आणले. ते स्मॉल ब्लॉक. पुढे त्याच घराण्यात २८३, ३२७, ३५० अशी इंजिने आली. ३५० म्हणजे ५.७ लिटर. १९६५ मध्ये त्याच कंपनीने आकाराने आणि वजनाने मोठे असे ३९६ घनइंचांचे इंजिन काढले. त्याचे पुढे ४२७ आणि १९७० मध्ये ४५४ झाले, म्हणजे ७.४ लिटर. ते बिग ब्लॉक. आपल्या दृष्टीने यांतले ‘लहान’ इंजिनही अवाढव्यच. लहान-मोठे हे शेजारी कोण उभे आहे त्यावर ठरते.

मोठ्या इंजिनची बाजू

मोठ्या इंजिनचे म्हणणे सोपे आहे. इंधन जाळायला हवा लागते. सिलिंडर जितका मोठा तितकी हवा जास्त, इंधन जास्त, प्रत्येक स्फोटाचा धक्का जास्त. या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्याला जो पीळ बसतो, त्याला टॉर्क म्हणतात. घट्ट बसलेला नट लांब दांड्याच्या पान्याने चटकन सुटतो, कारण त्याच हाताने तिथे पीळ जास्त बसतो.

मोठ्या इंजिनला हा पीळ कमी फेऱ्यांतच मिळतो. त्यामुळे त्याला फार जोरात फिरवावे लागत नाही. याचा फायदा साधासुधा नाही. इंजिनच्या फेऱ्या दीडपट केल्या, तर पिस्टन आणि त्याच्या दांड्यावरचा ताण दीडपट नव्हे, दीडचा वर्ग म्हणजे सव्वादोनपट होतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सुखाने चालणारे इंजिन ९,००० वर नेले की सुटे भाग भारी प्रतीचे घ्यावे लागतात. म्हणून जुने मेकॅनिक सांगतात की ठरावीक शक्ती हवी असेल तर मोठे इंजिन आरामात देते आणि टिकते. लहान इंजिन तेवढीच शक्ती देते, पण घाम गाळून.

लहान इंजिनची बाजू

लहान इंजिन म्हणते, मी हलके आहे. शेवरोलेच्या लोखंडी बिग ब्लॉकचे वजन स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारण ५० किलोने जास्त भरते. आणि हे वजन बसते कुठे? गाडीच्या नाकावर. या गाड्या मागच्या चाकांनी जोर लावतात. पुढे वजन वाढवले तर जिथे पकड हवी तिथे ते उपयोगी पडत नाही.

दुसरा मुद्दा खिशाचा. स्मॉल ब्लॉक घराण्याची इंजिने इतकी बनली की २०११ मध्ये कंपनीने दहा कोटीवे इंजिन तयार झाल्याचे जाहीर केले. जी वस्तू घरोघरी असते तिचे भाग स्वस्त मिळतात, तिचा जाणकार प्रत्येक गावात सापडतो आणि बिघाड झाला तर आठवडाभर थांबावे लागत नाही. अमेरिकेतील हजारो सामान्य शर्यतपटूंनी लहान इंजिन निवडले, ते मुख्यतः याच कारणाने.

तिसरा मुद्दा फेऱ्यांचा. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेऱ्या. सायकलवर दांडगा माणूस हळू पण जोरात पायडल मारतो आणि लहान मुलगा हलक्या पायाने भराभर मारतो. दोघे सारख्याच वेगाने जाऊ शकतात, फक्त दोघांना गिअर वेगवेगळा लागतो. लहान इंजिनाचे तसेच आहे. त्याच्या स्वभावाला जुळणारा गिअर दिला तर ते मागे राहत नाही.

आता वही-पेन्सिल घेऊ

नुसत्या चर्चेने निकाल लागणार नाही. एक साधा हिशेब करू. इंजिनची शक्ती स्थिर धरली, तर उभ्या जागेवरून ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ हा वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. शर्यतपट्ट्यांवरील वेळांशी हा नियम बऱ्यापैकी जुळतो. घनमूळ हा शब्द ऐकून आठवीची मुले कंटाळतात, पण इथे त्याची गंमत पाहा.

१,४५० किलोची आणि ४०० हॉर्सपॉवरची गाडी पाव मैल साधारण ११.७ सेकंदांत कापते. शक्ती दुप्पट, म्हणजे ८०० केली तर वेळ निम्मा होईल, असे मुलांना वाटते. तसे होत नाही. वेळ येतो सुमारे ९.३ सेकंद. म्हणजे दुप्पट शक्तीने वेळ फक्त एक पंचमांशाने घटला. अजून ४०० हॉर्सपॉवर वाढवून १,२०० केले तर वेळ ८.१ सेकंद. पहिल्या ४०० ने २.४ सेकंद वाचवले, पुढच्या ४०० ने जेमतेम १.२. पैसा मात्र दुसऱ्या वेळी कितीतरी पटीने अधिक लागतो.

याच हिशेबात लहान इंजिनच्या बाजूचा एक दावाही तपासून घेऊ. बिग ब्लॉकने ५० किलो वाढले तर १,४५० किलोच्या गाडीला ते भरून काढायला केवळ १४ हॉर्सपॉवर पुरतात, आणि मोठे इंजिन त्याहून कितीतरी जास्त देते. म्हणजे मोठ्या, जड गाडीत ‘मी हलका आहे’ एवढ्या एका कारणावर लहान इंजिन जिंकत नाही. पण गाडीच मुळात छोटी आणि हलकी असेल, तर ५० किलोचे ओझे तिला जाणवते आणि तेही नाकावर. इंजिन निवडण्याआधी गाडी कोणती, हे विचारायला हवे ते यासाठी.

शक्ती जमिनीपर्यंत पोहोचते का?

वरचा हिशेब एका अटीवर खरा आहे. चाके घसरता कामा नयेत. इंजिनची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, मागचा दांडा, टायर या साखळीतून जमिनीपर्यंत जाते. या साखळीत जी कडी कच्ची, तिथे सगळी शक्ती अडते. टायरला ५०० हॉर्सपॉवरची पकड असेल आणि इंजिन ८०० देत असेल, तर उरलेल्या ३०० चा रबर जळून धूर होतो. पाहणारे टाळ्या वाजवतात, पण गाडी मागे पडते.

कच्ची कडी तुटली तर फक्त गाडी मागे पडते असेही नाही. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स शर्यतपट्ट्यावर डॉन गार्लिट्स या नावाजलेल्या शर्यतपटूच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. त्या काळी अशा गाड्यांत चालक इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सवर पाय पसरून बसे. गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा भाग गेला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवण्याचा विचार सुरू केला, आणि १९७१ मध्ये तशी गाडी घेऊन ते जिंकूही लागले. पुढे सगळ्यांनीच तो मार्ग धरला. इंजिन मोठे करताना बाकीची साखळी आणि माणसाची जागा तेवढीच मजबूत केली पाहिजे, हा धडा त्या खेळाने रक्त सांडून घेतला. २००८ मध्ये स्कॉट कलिटा यांचा शर्यतीत मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतरच पाव मैलावरून १,००० फुटांवर आणले गेले. थांबायला जागा हवी, म्हणून वेगाचा खेळ मागे सरला.

१९७२ सालची गोष्ट

लहान-मोठ्याच्या या वादात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बिल जेन्किन्स नावाचे पेनसिल्व्हेनियातील एक इंजिन कारागीर होते. कॉर्नेल विद्यापीठात यांत्रिकी शिकता शिकता ते बाहेर पडले आणि गॅरेजमध्ये रमले. स्वभाव तुसडा, म्हणून लोक त्यांना ‘ग्रम्पी’ म्हणत. १९७० मध्ये ‘प्रो स्टॉक’ नावाचा नवा गट सुरू झाला, तेव्हा पहिल्या दोन राष्ट्रीय शर्यती त्यांनीच जिंकल्या, त्याही ४२७ घनइंचांच्या बिग ब्लॉकने. नंतर मात्र क्रायस्लर कंपनीच्या ४२६ घनइंचांच्या ‘हेमी’ इंजिनांपुढे कोणाचे चालेना.

१९७२ च्या हंगामासाठी नियम बदलले. गाडीचे किमान वजन इंजिनच्या घनइंचांवर ठरू लागले. इंजिन जितके लहान तितकी गाडी हलकी ठेवण्याची मुभा, आणि छोट्या गाडीत स्मॉल ब्लॉक बसवायला मोकळीक. जेन्किन्स यांनी नियमपुस्तिका नीट वाचली. त्यांनी शेवरोलेची व्हेगा ही मूळची २.३ लिटर, चार सिलिंडरची लहान मोटार घेतली आणि तिच्यात ३३१ घनइंचांचे स्मॉल ब्लॉक बसवले. गाडीचे वजन भरले एक टनाच्या आसपास. समोरच्या हेमी गाड्या तिच्याहून कितीतरी जड होत्या. हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत या लहान गाडीने मोठ्यांना हरवले आणि त्या वर्षीच्या आठपैकी सहा राष्ट्रीय शर्यती तिच्या नावावर लागल्या.

आता ‘लहानच चांगले’ असे म्हणून थांबावेसे वाटेल. पण गोष्ट इथे संपत नाही. १९८२ मध्ये त्याच गटाचा नियम पुन्हा बदलला : सर्वांसाठी ५०० घनइंचांची मर्यादा आणि एकच किमान वजन. आता लहान इंजिनला वजनाची सवलत उरली नाही, आणि सगळेच मोठ्या इंजिनकडे वळले. तोच खेळ, तेच अंतर, पण १९७२ मध्ये लहान बरोबर आणि १९८२ मध्ये मोठे बरोबर. जेन्किन्स यांचे मोठेपण लहान इंजिन निवडण्यात नव्हते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या इंजिनने जिंकलेला माणूस जुन्या यशाला चिकटून न बसता नवी परिस्थिती वाचू शकला, यात ते होते.

आखातात काय चालते?

आपल्या रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतील माणसे बहारीन, कतार, अमिरातीत नोकरीला आहेत. तिथे हा खेळ मोठा लोकप्रिय आहे. बहारीनमधील सखीरच्या आंतरराष्ट्रीय सर्किटमध्ये ड्रॅग रेसचा वेगळा पट्टा आहे. दोहा आणि अबू धाबीतही अशी ठिकाणे आहेत.

तिथेही लहान-मोठ्याचे दोन्ही नमुने दिसतात. कतारच्या राजघराण्यातील शेख खालिद बिन हमद अल थानी यांचा ‘अल-अन्नाबी’ हा संघ थेट अमेरिकेत उतरला आणि २०१०, २०११ व २०१३ मध्ये तिथल्या सर्वांत वरच्या ‘टॉप फ्युएल’ गटाचे विजेतेपद त्याच्या चालकांनी मिळवले. त्या गाड्यांचे इंजिन ५०० घनइंचांचे, इंधन मुख्यतः नायट्रोमिथेन, शक्ती दहा हजार हॉर्सपॉवरच्या वर. एका धावेसाठी पन्नासेक लिटर इंधन लागते आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलून पुन्हा जुळवावे लागते. हा राजेशाही कारभार झाला.

दुसरीकडे बहारीनमधील गाड्यांत टोयोटाचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन प्रसिद्ध आहे. त्याला मोठा टर्बो लावतात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. बाहेरच्या हवेइतका दाब आणखी दिला तर त्याच सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा मावते. म्हणजे इंजिन लहानच राहते, काम मोठ्याचे करते. या इंजिनावर तिथल्या गाड्यांनी पाव मैल सहा सेकंदांच्या घरात कापला आहे. पण फुकट काही मिळत नाही. उष्णता आणि दाब वाढतो, आतले सगळे भाग बदलावे लागतात. शेवटी त्या ‘लहान’ इंजिनाचे बिल मोठ्याइतकेच होते.

बरोबरीची शर्यत

मग ज्याच्याकडे शेखांचा पैसा नाही त्याने काय करावे? अमेरिकेत यावर ‘ब्रॅकेट’ पद्धत निघाली आणि सामान्य शर्यतपटू बहुतांशी याच पद्धतीने खेळतात. प्रत्येकाने शर्यतीआधी आपल्या गाडीची वेळ जाहीर करायची. समजा, एकाची १४ सेकंद आणि दुसऱ्याची १० सेकंद. मग १४ सेकंदांच्या गाडीला चार सेकंद आधी सोडतात. जो आधी पोहोचेल तो जिंकला. मात्र सवलतीसाठी कोणी खोटी, जास्त वेळ सांगितली आणि गाडी त्याहून लवकर पोहोचली, तर तो बाद. इथे मोठ्या इंजिनाचा तोरा चालत नाही. आपली गाडी नीट ओळखणारा, तिचा अंदाज खरा सांगणारा आणि दरवेळी तीच वेळ देणारा जिंकतो. घरच्या गाडीतला, लहान इंजिनाचा माणूस हजारो हॉर्सपॉवरवाल्याला इथे सचोटीने हरवतो.

ही पद्धत वाचताना आम्हाला मदिनेची घोडदौड आठवली. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या रिवायतीत तिचा उल्लेख आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांची दौड हफया ते सनिय्यतुल विदा अशी पाच-सहा मैलांची ठेवली होती, आणि तयार न केलेल्या घोड्यांची दौड सनिय्यतुल विदा ते बनू जुरैक यांची मशीद अशी साधारण एका मैलाची. म्हणजे कमी ताकदीच्या जनावराला जास्त ताकदीच्या जनावरासमोर उभे केले नाही आणि त्याच्या दमापेक्षा जास्त अंतरही दिले नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत आदत बैलांचा गट वेगळा ठेवतात, तोही याच न्यायाने. खेळ हराम-हलालच्या चौकटीत बसवताना आपल्या बुजुर्गांनी आणखी एक हद्द आखली. दोन्ही स्पर्धकांनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने सगळे उचलायचे, याला फुकहांनी किमार म्हणजे जुगार ठरवले. रात्रीच्या हायवेवर ज्या ‘पैजा’ लागतात, त्या याच हद्दीबाहेरच्या आहेत.

आपल्या गल्लीतले इंजिन

आता घरी येऊ. आपल्या मुलांपैकी फार थोडे खऱ्या शर्यतपट्ट्यावर जातील. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. तिथे गट, तपासणी, हेल्मेट, रुग्णवाहिका असे सगळे असते. पण बहुतेकांचा ‘पट्टा’ म्हणजे पूल, समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, बायपास. मुंबईत बडी रातला मुले दुचाक्या घेऊन सुसाट निघतात, म्हणून दरवर्षी पोलिसांना नाकाबंदी करावी लागते आणि मशिदींमधून मुलांना घरी ठेवण्याची आवाहने होतात. इबादतीची रात्र एखाद्या आईसाठी इस्पितळाच्या बाकावर सरावी, यासारखे दुःख नाही.

कायदाही पालकांनी माहीत करून घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवानगीशिवाय गाडीत फेरबदल करणे हा वेगळा गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हप्त्यावर १५० सीसीची गाडी घेऊन देणाऱ्या अब्बांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

पण नुसत्या बंदीने इंजिनचे वेड जात नाही, आणि जाऊही नये. त्याला वाट दिली पाहिजे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी ‘बाहा’ नावाची स्पर्धा होते. त्यात महाविद्यालयांचे संघ खडबडीत मैदानावर चालणारी गाडी स्वतः बनवतात. त्या स्पर्धेत पेट्रोल गाड्यांच्या सर्व संघांना एकसारखे इंजिन वापरावे लागते, अवघ्या दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचे. इंजिन सर्वांचे सारखे असल्यावर जिंकतो कोण? ज्याने सांगाडा हलका आणि मजबूत केला, गिअर नीट जुळवले, चाकांची पकड ओळखली आणि संघ सांभाळला, तो.

तेव्हा मुलाने “मोठे की लहान?” असे विचारले, तर त्यालाच पाच प्रश्न विचारा. गाडीचे वजन किती? नियम कोणता? टायर आणि ब्रेक किती शक्ती पेलतील? बिघडल्यावर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? आणि ती पळणार कुठे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे बदलतील तसे इंजिनही बदलेल. पाचव्याचे उत्तर ‘रस्त्यावर’ असे आले, तर मग इंजिन पन्नास सीसीचे असो की पाचशे घनइंचांचे, चावी अम्मीकडेच राहू द्या. आणि सुट्टीच्या दिवशी त्याला ओळखीच्या गॅरेजमध्ये तासभर बसवा, एखादे जुने इंजिन खोलताना पाहू द्या. घनमुळाचा धडाही तो मग स्वतःहून उघडेल, इन्शाअल्लाह.